घरी केलेलं गाणं : सोडू की थांबू?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतायत, घरच्या लॅपटॉपवर गाणं केलंय, आता ते स्पॉटिफाय, ॲपल, यूट्यूबवर ऑफिशियल टाकण्याइतकं झालंय का हे ओळखायचं कसं. चार प्रश्न निवडलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण बाकी अनेकांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : ताई नमस्कार, मी मिरजेचा, वय २३. कविता मित्राची, चाल माझी, गायलीय माझ्या चुलत बहिणीने. पेटी आणि तबला घरीच रेकॉर्ड केला, स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांचे आवाज) वगैरे कीबोर्डवरून. सात महिने मिक्स करतोय, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवतोय, आता मिक्स नंबर ३१ चालू आहे. रोज रात्री बसलो की काहीतरी खटकतं, ते नीट केलं की दुसऱ्या दिवशी दुसरंच खटकतं. खोली दहा बाय दहाची, पलंगावर भिंतीला टेकून बसतो, समोर दोन छोटे मॉनिटर स्पीकर. मित्र म्हणतो बास झालं, गणपतीच्या आधी टाकून दे. घरच्यांना विचारलं तर ते छानच म्हणतात, ते काहीही ऐकवलं तरी छान म्हणतात. मिक्स १२, मिक्स ३१ आणि मोबाइलवरचा अगदी पहिला डेमो असं तिन्ही पाठवतोय. गाणं तयार झालंय हे नक्की कळतं कसं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : अरे, तिन्ही ऐकले. आधी मोबाइलवरचा डेमो लावला. त्यात नुसती पेटी आणि बहिणीचा आवाज आहे, मागे कुठेतरी भांडी वाजतायत, आणि तरी दुसरा अंतरा येईपर्यंत मी हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. म्हणजे चाल आणि शब्द स्वतःच्या पायावर उभे आहेत. नुसत्या पेटीवर जे गाणं चार माणसांना धरून ठेवत नाही ते स्ट्रिंग्ज आणि रिव्हर्ब लावूनही धरून ठेवत नाही, आणि अशी गाणी घेऊन लोक वर्षवर्ष मिक्स करत बसतात कारण दोष चालीत असतो आणि ते शोधत असतात इक्वलायझरमध्ये. तुझं तसं नाहीये, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना तू घाबरणार नाहीस.

आता माझी एक टेस्ट आहे, कित्येक वर्षं करतेय, भावगीत असो, अभंग असो नाहीतर रॅप, माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावरच. ज्याने गाणं आधी कधीच ऐकलेलं नाही अशा माणसाच्या हातात कागद-पेन द्यायचं, गाणं मोबाइलवर लावायचं आणि ऐकू येतील तसे शब्द लिहायला सांगायचं. गाणं कसं वाटलं असं विचारायचंच नाही, त्याचं उत्तर तुझ्या घरच्यांसारखंच येतं. शब्द लिहायला लावले की माणूस खोटं बोलू शकत नाही.

तुझं मिक्स ३१ मी आमच्या शेजारच्या काकूंना ऐकवलं, ओट्यावर फोन ठेवून, एक्झॉस्ट चालू असताना, कारण बहुतेक गाणी लोक तशीच ऐकतात. मित्राची ओळ आहे, "ओसरीवर ऊन कलते, दार अजून लोटलेले". काकूंच्या कागदावर आलं, "सरीवर ऊन कळते", आणि पुढे मोकळी जागा. दुसऱ्या दिवशी मिक्स १२ त्यांच्या सुनेला दिलं, काकूंना देऊन उपयोग नव्हता कारण त्यांना अर्धे शब्द आता माहीत झाले होते. सुनेने ओळ पूर्ण बरोबर लिहिली, फक्त "लोटलेले"चं "लोटलेलं" झालं. म्हणजे मधल्या १९ मिक्समध्ये गाणं मागे गेलंय रे. तुला रोज ते पुढे गेल्यासारखं वाटत होतं कारण तुला शब्द पाठ आहेत, स्ट्रिंग्जखाली अक्खी ओळ बुडाली तरी तुझा मेंदू ती भरून घेतो. सात महिन्यांनंतर स्वतःच्या गाण्याच्या बाबतीत आपला कान साक्षीदार म्हणून चालत नाही, कुणाचाच चालत नाही, माझाही नाही.

आता हे झालं कशामुळे ते बघू, मला तीन कारणं दिसतायत.

पहिलं तुझी खोली. दहा फूट म्हणजे साधारण ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो, त्याच्या दुप्पट ११२ चाही घुमतो, आणि खोली चौरस असल्यामुळे लांबीचा आणि रुंदीचा घुमार एकाच जागी पडून दुप्पट त्रास देतो. त्यात हा घुमार भिंतीजवळ सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तू नेमका भिंतीला टेकून बसतोस. डग्ग्याचा घुमारा याच भागात फिरतो. तुला तो प्रचंड वाटला, म्हणून तू तो कापत गेलास, मिक्स २० मध्येही कापला असशील, २५ मध्येही, आणि आता तुझ्या खोलीबाहेर कुठेही ऐकलं तर तबला नुसता वरच्या टिपेवर वाजतोय, खाली काहीच नाही. भिंतीवर गोधड्या टांगल्या असशील तर राहू दे, त्याने चकचकीत प्रतिध्वनी कमी होतो, पण खालच्या सुरांना गोधडी कळतसुद्धा नाही. पलंगावरून उठ, खुर्ची घे, समोरच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण एक तृतीयांशाच्या थोडं पुढे बस. अगदी मधोमध बसू नकोस, तिथे उलटा प्रकार होतो, तो ५६ चा सूर गायबच होतो. आणि खालच्या सुरांबद्दलचा कुठलाही निर्णय हेडफोनवर पडताळल्याशिवाय घेऊ नकोस.

दुसरं म्हणजे आवाजाची पातळी. तुझं ३१ हे १२ पेक्षा जवळपास ३ डेसिबल मोठं आहे. जास्त मोठं ऐकू येतं ते कानाला जास्त चांगलं वाटतं, खालचे आणि अगदी वरचे सूर मोठ्या आवाजात जास्त भरून ऐकू येतात, बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलंय. त्यामुळे दोन मिक्स तोलताना आधी दोन्ही सारख्या आवाजावर आणायचे, मगच ऐकायचे. मी आणले, आणि १२ उजवं ठरलं, फार विचार करावा लागला नाही.

तिसरं जरा नाजूक आहे. बहिणीच्या आवाजावर तू पिच करेक्शन, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर लावलंयस आणि त्याचा वेग फार जास्त ठेवलायस. "कलते" वर ती गंधारावरून रिषभावर मींड घेऊन उतरते, डेमोत ते इतकं सुंदर आहे, खरंच ऊन उतरल्यासारखं, आणि ३१ मध्ये तिथे दोन पायऱ्या झाल्यात. ते सॉफ्टवेअर बारा सुरांच्या खिळ्यांना आवाज टांगतं, दोन सुरांच्या मधल्या जागेत काय चाललंय ते त्याला कळत नाही, आणि आपल्याकडच्या गाण्यातलं निम्मं गाणं त्या मधल्या जागेतच असतं. अख्ख्या ट्रॅकवरून ते काढून टाक. एखादा स्वर खरोखरच कानाला लागत असेल तर तेवढ्याच स्वरापुरतं हाताने कर, नाहीतर तिला परत गायला बोलव, मिरजेतच राहते ना, एक संध्याकाळ लागेल.

पेटीचंही बघ. प्रस्तावनेत पेटी आणि स्ट्रिंग्ज एकत्र आल्या की एक लाटेसारखी थरथर येते, कारण तुझी पेटी जुनी आहे, तिचे सूर ४४० हर्ट्झच्या, म्हणजे वाद्यं लावायच्या आजच्या ठरलेल्या मापाच्या हिशोबात बसत नाहीत आणि कीबोर्ड मात्र बरोब्बर ४४० वर आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मास्टर ट्यूनिंग असतं, पेटीचा सा धरून ते हलव. पेटी हलवता येणार नाही. आणि मागे तंबोरा ॲपमधून घेतलायस असं वाटतंय, चालतं, पण तुझ्या गावच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, तुला खरा तंबोरा वीस मिनिटांसाठी मांडीवर घ्यायला मिळणं हे पुण्यात बसून गाणं करणाऱ्या कुणापेक्षाही सोपं आहे. घे रेकॉर्ड करून. रेकॉर्ड करताना फॅन बंद, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर.

चार्जरचं इतकं का सांगतेय तर मी स्वतः त्यात पोळलेय. माझं एक गाणं मी दिवाळी पहाटेच्या आधी आलंच पाहिजे म्हणून घाईने सोडलं. सुरुवातीला आठ सेकंद नुसता तंबोरा होता आणि त्याच्याखाली विजेची गुणगुण होती, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती ५० ला आणि पुढे १००, १५० ला ऐकू येते. मला मिक्स करताना ती कळलीच नाही, कारण मी दिवसा काम करत होते आणि बाहेर रस्ता चालू होता. रिलीजच्या दिवशी रात्री अकरा वाजता शांततेत हेडफोन लावले आणि पहिल्या दोन सेकंदांत कळलं. डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणं सगळ्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, नवी फाइल बदलून मागितली तर त्यांच्याकडे ती सोयच नव्हती, गाणं काढून पुन्हा चढवा म्हणाले. काढलं. ज्यांनी ते आपापल्या लिस्टमध्ये घेतलं होतं त्यांच्या लिस्टमधून ते गेलं, परत थोड्यांनीच घातलं. ती आठ सेकंदं मला अजून आठवतात.

म्हणून गणपतीचं डोक्यातून काढ. तुझं गाणं गणपतीचं नाहीच, ओसरीवरच्या उन्हाचं आहे, ते कुठल्याही महिन्यात ऐकलं जाईल. तारीख गाणं झाल्यावर ठरते. स्पॉटिफायच्या एडिटरना गाणं सुचवायचं असेल तर रिलीजच्या निदान ७ दिवस आधी ते त्यांच्याकडे पोचलेलं आणि सुचवलेलं असलेलं बरं, आणि डिस्ट्रिब्युटरलाही तपासायला वेळ लागतो, तेव्हा फाइल पूर्ण झाल्यापासून पुढे तीन-चार आठवड्यांची तारीख टाक.

आता थांबायचं कधी. मिक्स १२ उघड, वरचं सगळं कर, डग्गा परत आण, स्ट्रिंग्ज आवाजाच्या खाली घे, आणि मग दोन आठवडे फाइलला हात लावू नकोस, अगदी ऐकूसुद्धा नकोस. त्यानंतर खोलीत न ऐकता बाहेर कुठेतरी ऐक, मित्राच्या गाडीत, रिक्षाच्या स्टँडवर स्वस्तातल्या इअरफोनवर, एकदा नुसत्या मोबाइलच्या स्पीकरवर, आणि लॅपटॉप जवळ ठेवूच नकोस, कागद ठेव. जे खटकेल ते लिही. मग कागद वाच. त्यावर "शब्द कळला नाही", "इथे सूर नाही", "दुसऱ्या कडव्यानंतर लक्ष उडालं", "तबला ऐकूच येत नाही" असं काही असेल तर गाणं अजून व्हायचंय. आणि कागदावर सगळं "थोडं" असेल, रिव्हर्ब थोडा, स्ट्रिंग्ज थोड्या, टाळ थोडा डावीकडे, तर तू आता गाणं चांगलं करत नाहीयेस, फक्त वेगळं करतोयस. तिथे थांब. मग नवीन माणूस पकड आणि पुन्हा शब्द लिहून घे.

मास्टरिंग, म्हणजे रिलीजआधी पूर्ण गाण्यावरून फिरवायचा शेवटचा हात, स्वतः करू नकोस. तुला येत नाही म्हणून नाही, तर या गाण्याकडे ताज्या कानाने बघणारं कुणीतरी शेवटी एकदा हवंच म्हणून. पाठवताना मास्टर चॅनलवरचा लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारा इफेक्ट) काढ, २४ बिटची वेव्ह फाइल पाठव, एमपी३ नाही, आणि सोबत डेमोसुद्धा पाठव म्हणजे त्या माणसाला कळेल की गाणं मुळात काय होतं.

एक राहिलं. मित्राशी कागदावर लिहून घे, कवितेचा हक्क त्याचा, चालीचा तुझा, गाण्याचे पैसे आले तर कसे वाटायचे, बहिणीला काय. आत्ता सगळे खुशीत आहेत, आत्ताच लिहा. दोघांनी आयपीआरएसचं सभासदत्व घ्या, गीतकार-संगीतकारांची ही सोसायटी १९६९ पासून आहे, आणि २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सहीने सोडून देता येत नाही, वारसाला किंवा अशा सोसायटीलाच देता येतो. फॉर्म भरताना नावं पूर्ण आणि सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहा. हे झालेलं नसेल तर मिक्स कितीही गोड असू दे, गाणं तयार नाही असंच मी म्हणेन.

प्रश्न : मॅडम, मी यूट्यूबवर बघून मास्टरिंग शिकलो. सगळे सांगतात −१४ लफ्स आलं की गाणं रिलीजला रेडी. माझं बरोबर −१४ येतंय, तरी दुसऱ्यांच्या गाण्यांशेजारी पातळ वाटतं. कुठे चुकतंय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लफ्स म्हणजे गाणं एकूण किती मोठं ऐकू येतं त्याचं माप. आकडा चुकीचा नाहीये, त्याच्याकडून अपेक्षा चुकीची आहे. स्पॉटिफाय साधारण −१४ ला सगळी गाणी आणून वाजवतं, एवढाच त्याचा अर्थ. तुमचं गाणं −९ वर असेल तर ते ५ डेसिबलने खाली ओढतं, आणि मग दाबून चपटा केलेला तुमचा ढोल दुसऱ्याच्या मोकळ्या ढोलाशेजारी त्याच आवाजात वाजतो आणि तिथे मोकळाच चांगला वाटतो. यूट्यूबही मोठ्या आवाजातली गाणी खाली ओढतं पण हळू आवाजातली वर उचलत नाही. म्हणून फार हळूही ठेवू नका, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच शिखर, −१ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण पुढे फाइल कॉम्प्रेस होताना शिखरं थोडी वाढतात आणि फाटतात.

पण पातळ वाटण्याचा आणि या आकड्याचा संबंध फारसा नसतो. ते मिक्समध्ये असतं, बहुतेक वेळा अरेंजमेंटमध्ये. तुमच्या मुखड्यात गिटार, पियानो आणि आवाज तिघं एकाच सप्तकात भांडतायत, पियानो एक सप्तक खाली घेऊन बघा आणि गिटार मुखड्यात गप्प बसवा, मग मला सांगा पातळ वाटतं का. आणि एकदा मिक्स मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून ऐका. मोबाइलचे आणि छोटे ब्लूटूथ स्पीकर बरेचदा मोनोच, रुंद करण्याच्या नादात लावलेले इफेक्ट तिथे एकमेकांना खाऊन टाकतात, तुमचे मागचे कोरस तिथे जवळपास नाहीसे होतायत.

प्रश्न : ताई, मी नागपूरचा, रॅप करतो. ट्रॅक पूर्ण रेडी आहे, कव्हर पण बनवलं तीन हजार बाय तीन हजारचं, सगळ्या दोस्तांना आवडला. बीट यूट्यूबवरून घेतली, तिच्यावर फ्री लिहिलंय. डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये विचारतायत की सगळे हक्क तुमचे का. हो लिहू ना?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नको रे, अजिबात नको लिहू. तुझा ट्रॅक मी ऐकला, शब्द एकूण एक कळतात, श्वास कुठे घ्यायचा ते तुला कळतं, तिसऱ्या कडव्यात सीताबर्डीच्या गर्दीचं जे वर्णन आहे ते फार जिवंत आहे. ऐकायला गाणं तयार आहे. पण ज्या जमिनीवर घर बांधलंस ती तुझी नाही.

बीटवर "फ्री" लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो की सराव कर, पैसे न कमावता कुठेतरी टाक, आणि माझं नाव दे. स्ट्रीमिंगवर टाकलं की तो व्यवसाय झाला, त्याला लायसन्स घ्यावं लागतं, साधं लीज, म्हणजे बीट भाड्याने वापरायची परवानगी, बऱ्याचदा परवडण्यासारखं असतं, पण लीज म्हणजे तीच बीट आणखी दहा जणांनाही दिलेली असू शकते. व्हिडिओखालचं वर्णन पूर्ण वाच, त्या माणसाला मेल कर, तुझं नाव घातलेलं लायसन्स पीडीएफमध्ये घे आणि जपून ठेव. उत्तरच आलं नाही तर ती बीट सोडून दे, मला माहितीये हे जिवावर येतं.

दुसरं, लीजवरच्या बीटवर यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओतला तुझा आवाज आपोआप ओळखून हक्क सांगणारी सोय, चालू करू नकोस. ती सोय फक्त ज्याच्याकडे त्या आवाजाचे एकट्याचे हक्क आहेत त्याच्यासाठी आहे, तू चालू केलंस तर त्याच बीटवरच्या दुसऱ्या पोरांच्या व्हिडिओंवर तुझा क्लेम जाईल, आणि कदाचित बीट बनवणाऱ्यावरच. फॉर्ममध्ये तो खुणेचा चौकोन असतो, रिकामा ठेव.

तुझ्या शब्दांना मात्र मला वाटतं तुझ्या गावची बीट मिळावी. नागपुरात बीट बनवणारी पोरं असणारच, त्यातल्या एकाशी अर्धं-अर्धं ठरवून नवीन बीट केलीस तर फॉर्ममध्ये "हो" लिहायला तुला माझ्याकडे विचारावं लागणार नाही. वेग तोच ठेवायला सांग म्हणजे तुझा आवाज पुन्हा रेकॉर्ड करायची गरज कदाचित पडणार नाही.

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची आहे. जात्यावरच्या ओव्या तिला दीडशेच्या वर पाठ आहेत. मागच्या महिन्यात वाड्यातलं जुनं जातं मांडून तिने दळलं आणि मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मुलगा म्हणतो हे स्पॉटिफायवर टाकू, पण जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, मध्ये कोंबडा, मला वाटतं क्वालिटी नाही. स्टुडिओत नेऊन नीट गाऊन घेऊ का? आणि या ओव्या कुणाच्या मालकीच्या असतात?
— एक वाचक, वाई

उत्तर : ताई, तुमचं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा पूर्ण ऐकलं. स्टुडिओत नेऊ नका. आईंचा श्वास जात्याच्या फेऱ्याला बांधलेला आहे, खुंटा ओढताना ओळ चढते, फेरा सैल पडतो तिथे ओळ टेकते, दाण्याची मूठ टाकायला हात सुटतो तेव्हा त्या एक मात्रा थांबतात. स्टुडिओत खुर्चीवर बसवून माइकसमोर गायला लावलं तर शब्द येतील आणि लय जाईल. घरघर हा तुमचा तंबोराही आहे आणि तबलाही. कुणी सॉफ्टवेअरने ती साफ करून देतो म्हणालं तर नाही म्हणा, त्यात आईंच्या आवाजाचाही जीव जातो. इतर सगळ्यांना मी शब्दांची परीक्षा घ्यायला लावतेय, तुमच्याकडे ती मीच घेतली, पाच ओव्या लिहून काढल्या, एका ठिकाणी फक्त अडले, माहेरच्या गावाचं नाव येतं तिथे, ते तुम्ही कळवाल का?

अडचण दुसरी आहे. तुम्ही मला फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवली, त्यात ती दाबली गेलीय, मूळ फाइल फोनमध्ये असेल ती आजच दोन ठिकाणी कॉपी करा, मला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फोन जात्याच्या फार जवळ, बहुधा जमिनीवरच होता, म्हणून दगडाचा दणका आवाजापेक्षा मोठा आलाय आणि दोन-तीन जागी फाटलाय. कोंबडा राहू दे. फाटलेलं मात्र पुरतं दुरुस्त होत नाही, म्हणून आणखी एक दिवस मांडा, आईंना झेपेल तेवढंच.

मालकीचं असं, की परंपरेने आलेल्या ओव्यांच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही. पण त्यातल्या काही आईंनी स्वतः रचल्या असतील, बायका रचतच आल्यात, तर त्या आईंच्या, कायद्याने त्यांच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. गायल्याचा हक्कही त्यांचाच, कलाकाराचा हक्क आपल्याकडे ५० वर्षांचा असतो. त्यामुळे गायिका म्हणून नाव आईंचं हवं, पूर्ण नाव, तुमच्या मुलाच्या चॅनलचं नव्हे, आणि टाकायच्या आधी त्यांना विचारायला हवं, नीट समजावून, की हे कुणीही कुठूनही ऐकू शकेल. काही ओव्यांत सासरच्या माणसांची नावं घेऊन दुःख सांगितलेलं असतं, त्या त्यांना बाहेर जाऊ द्यायच्या आहेत का हे फक्त त्याच ठरवू शकतात.

पैशाची अपेक्षा मात्र ठेवू नका, स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात एका ट्रॅकला १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या ट्रॅकचे काही मिळत नाही. म्हणून मला वाटतं स्ट्रीमिंगसोबत एक प्रत जपणाऱ्यांकडेही जावी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून ठेवल्या गेल्या, आता पारी या संस्थेच्या संकेतस्थळावर त्यातल्या कित्येक आवाजासकट ऐकता येतात. आईंना त्या ऐकवा एका दुपारी. ऐकता ऐकता त्यांना विसरलेल्या आणखी आठवतील, तेव्हा फोन तयार ठेवा.

आणि दुसऱ्या वेळी रेकॉर्ड कराल तेव्हा फोन विमान मोडवर टाका, सेटिंगमध्ये लॉसलेस किंवा वेव्ह असं असेल तर ते निवडा, स्टुलावर पातळ उशी ठेवून त्यावर फोन, आईंच्या तोंडाच्या उंचीला, हातभर अंतरावर, जात्याच्या विरुद्ध बाजूला. फॅन बंद. पहिल्या पाच मिनिटांकडे लक्ष देऊ नका, हात आणि गळा दोन्ही तापायला तेवढा वेळ लागतो. आणि शेवटची ओवी संपून जातं थांबलं की लगेच स्टॉप दाबू नका, दहा-पंधरा सेकंद तसंच चालू ठेवा, दगड थांबतानाचा आवाज आणि त्यानंतरचा वाडा, दोन्ही त्यात येऊ द्या.